रावसाहेबांचा नेम

जमिनीवर टाकलेली वस्तू रावसाहेब उचलत नसत. वहाण असो, कातड्याचा तुकडा असो, नाहीतर जत्रेचा नारळ असो. तुम्ही टाकलीत की ती तिथंच राहायची. ते आपले आरी चालवत बसायचे. तुम्ही 'अरे, ठेवलंय बघ' म्हणा, खाकरा, शिव्या द्या, पाय आपटा. त्यांची मान वर व्हायची नाही. फारच झालं तर उजवा हात पुढं यायचा, तळवा वर. 'हातात द्या,' एवढंच म्हणायचे, तेही हळू आवाजात.

रावसाहेब ही पदवी त्यांना सरकारनं दिली नव्हती, पोलादपूरच्या टवाळांनी दिली होती. नाव सोनू. गावाबाहेर सावित्रीच्या काठाला चार-पाच झोपड्या होत्या, त्यांतली शेवटची त्यांची. कातडं कमवायचं, वहाणा शिवायच्या, बैलांच्या गळ्यातले पट्टे करायचे, हा धंदा. त्या काळी अशा माणसाच्या हातात कोणी काही देत नसे. शिवाशिव! वहाण दुरुस्तीला द्यायची तर चार हातांवरून टाकायची. झाली की त्यानं ती खाली ठेवून मागं सरायचं आणि मग आपण उचलायची. सगळा मुलूख असंच करायचा. मीही करायचो, आणि त्यात काही वावगं आहे हे माझ्या ध्यानीमनीही नसायचं. म्हणून तर ह्या माणसाचा नेम लोकांना झोंबायचा. 'आले का रावसाहेब? त्यांना वाकायला लावू नका हो, कंबर दुखते त्यांची!' असं पारावर चालायचं. पण वहाणा शेवटी त्यांच्याकडंच यायच्या, कारण त्यांनी घातलेला टाका दोन पावसाळे उसवत नसे. मग कोणी वहाण काठीला अडकवून पुढं करायचं, कोणी पळसाच्या पानावर धरायचं, आणि काहीजण इकडंतिकडं बघून पटकन हातात देऊन मोकळे व्हायचे नि घरी जाऊन अंगावर पाणी घ्यायचे.

महाडात तळ्याच्या पाण्यावरून जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला तेव्हा तीन-चार वर्षं होऊन गेली होती. लोक म्हणायचे, सोन्या हे तिथूनच शिकून आला. मी एकदा त्यांनाच विचारलं. म्हणाले, 'तळ्यावर गेलो होतो मी. पण नेम त्याच्या आधीचा हाय.' कधीचा, ते काही त्या दिवशी सांगितलं नाही.

मी तेव्हा खोतांचा डायव्हर होतो. मूळचा उमरठकडचा, पण मुंबईत एका शेठच्या मोटारी धुता धुता चालवायला शिकलो आणि डोक्यावर टोपी तिरकी घालून गावी परत आलो. खोतांचं नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं आज भली माणसं आहेत. पोलादपूरपासून मैलभरावर त्यांचं घर. मुंबईहून जुनी अमेरिकन मोटार विकत आणून त्यांनी पंचक्रोशीत नाक वर केलं होतं. मोटार त्यांची आणि मिजास माझी, असा एकंदर कारभार होता. हॉर्न वाजवला की पोरं धावायची, म्हाताऱ्या दारात यायच्या, आणि मला वाटायचं मीच खोत!

आता त्या मोटारीचा क्लच समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हल्लीसारखा नव्हता तो. इंजिनाच्या मागं एक लोखंडी वाटी, आणि त्या वाटीत घट्ट बसणारं एक लोखंडी टोपण. टोपणाला बाहेरून कातड्याचं अस्तर. टोपण वाटीत दाबून बसलं की कातडं लोखंडाला धरतं आणि चाकं फिरतात. पायानं पेडल दाबलं की टोपण सुटतं. म्हणजे एवढी मोठी मोटार, पण तिची सगळी पकड एका कातड्याच्या पट्ट्यावर. ज्या कातड्याला हात लावणाऱ्याची सावली आम्हांला ओट्यावर चालत नव्हती, त्याच कातड्यावर बसून खोत महाडच्या बाजारातून मिरवायचे.

त्या कार्तिकात मोटार हिसके द्यायला लागली. कातडं वाळून कडक झालं होतं. आता आमच्या मुलखात कुरकुरणारी कुठलीही वस्तू असो, तिला करंजाचं तेल, करंजेल! गाडीच्या कण्याला करंजेल, दाराच्या बिजागरीला करंजेल, पायाच्या भेगांना करंजेल. मी शहाण्यानं क्लचच्या झरोक्यातून पावशेर करंजेल आत ओतलं. आठवडाभर मोटार लोण्यासारखी चालली. मग एके सकाळी महाडहून परत येताना चढावर इंजिन बोंबलायला लागलं आणि चाकं जागच्या जागी. मी आणखी जोर दिला. मागून खोतांनी विचारलं, 'गणप्या, कोणाची वहाण जळतेय रे?' वहाण कसली, क्लच जळत होता.

बैलांनी ओढत मोटार घरी आणली. खोत बैलांच्या पुढं पुढं चालत होते. चौथ्या दिवशी त्यांच्या लेकीचं लग्न, आणि नवरदेवाला महाडहून मोटारीतून आणू असं त्यांनी मिशीला पीळ देऊन व्याह्यांना सांगून ठेवलेलं. मुंबईहून सामान यायला आठ दिवस लागले असते. दारात पोचल्यावर त्यांनी मला हाक मारली. म्हणाले, 'परवा संध्याकाळपर्यंत मोटार चालली पाहिजे. नाहीतर तू उमरठला बकऱ्या राख.'

मोटार वर उचलायला आमच्याकडं काही नव्हतं. एक लंगडा जॅक, तोही चाकापुरता. मग घराखालचं कापणी झालेलं खाचर निवडलं. दोन गडी घेऊन त्यात छातीइतका खोल चर खणला, दोन्ही अंगांना ओंडके टाकले आणि मोटार ढकलत चरावर आणून उभी केली. खाली उतरायचं नि डोक्यावरची मोटार खोलायची. गिअरबॉक्स काढल्याशिवाय क्लच हाती येत नाही, आणि तो म्हणजे दोन माणसांनाही न पेलणारा धोंडा. त्याच्या खाली भाताची पोती रचली. सगळे बोल्ट सुटले की वरच्या पोत्याचं तोंड थोडं सैल करायचं. भात धारेनं टोपलीत पडायला लागतो आणि गिअरबॉक्स इंचाइंचानं खाली बसतो. वर घ्यायचा तर वाशानं उचटायचा नि खाली पोती सारायची. ही युक्ती माझी स्वतःची, आणि मी त्या दिवशी तिच्यावर भलताच खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळकं टोपण घेऊन रावसाहेबांकडं गेलो. सवयीनं चार हातांवरून ते त्यांच्यापुढं टाकलं आणि म्हणालो, 'ए सोन्या, याला कातडं लाव. उद्या पाहिजे.' ते एका पट्ट्याला भोकं पाडत होते, पाडत राहिले. मी ओरडलो. खोतांचं नाव घेतलं. फौजदाराचं नाव घेतलं. शेवटी तिथंच दगडावर बसलो. उन्हं वर आली. उद्याचा दिवस हातात, आणि हा माणूस भोकं मोजतोय! अखेर मी उठलो, टोपण उचललं आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी आरी बाजूला ठेवली, धोतराला हात पुसले आणि दोन्ही हातांनी ते घेतलं. हुंगलं. म्हणाले, 'करंजेल?' मी मान खाली घातली. 'किती?' 'पावशेर.' त्यांना हसू आलं. 'डायवर, कातडं पितं तेवढंच पाजावं. हे बुडवून मारलंस तू.'

मग मात्र ते असे कामाला लागले की बघत राहावं. माप घ्यायला गवताची काडी आणि स्वतःचा अंगठा, बस. बैलाच्या पाठीचं कातडं काढलं, हिरड्यात कमावलेलं, ओढून बघितलं, गालाला लावून बघितलं, आणि रापीनं असं गोलाईत कापलं की टोपणावर सुरकुती पडू नये. कोमट एरंडेलात ते भिजत घातलं नि म्हणाले, 'आता ह्याला रातभर घाई करायची नाय.' उद्या ते टोपण मोटारीच्या वाटीत बसवून बघायचं, काढायचं, तासायचं, परत बसवायचं; तीन-चार वेळा तरी. म्हणजे त्यांना खोतांच्या खाचरात यावं लागणार होतं. 'येतो,' म्हणाले. 'पण काय लागेल ते हातात द्यायचं. कोणी का असंना.'

हे मी खोतांना सांगितलं तेव्हा ओट्यावर लग्नाचे पाहुणे बसले होते. खोतांनी पान जुळवता जुळवता सगळं ऐकून घेतलं. मग पाहुण्यांकडं बघत म्हणाले, 'येऊ दे. अंगणात नाही, खाचरातच येतोय ना? माझ्या जमिनीवरून तो उचलून नेतो की नाही ते बघतोच.' पाहुणे हसले. मला हसू येईना. क्लच झाला नाही तर माझी नोकरी जाणार, आणि खोत त्यांना वाकवायला गेले तर हा माणूस रापी काखोटीला मारून चालता होणार. दोन्हीकडून मरण माझंच.

मी दिवस मावळायच्या आत पुन्हा नदीवर गेलो आणि रावसाहेबांना म्हणालो, 'उद्या एक दिवस नेम बाजूला ठेवा. खोतांनी तुम्हांला वाकवायचा पण केलाय.' ते एरंडेलातलं कातडं परतत होते. त्यांची मुलगी, आठ-नऊ वर्षांची, चुलीपाशी काटक्या मोडत होती. ती पाण्याला गेल्यावर म्हणाले, 'मी पण आधी उचलायचो रे. समद्यांसारखा. ही चार वर्साची होती. खोतांच्या घरी वहाणा न्यायला गेलो तर ही बरोबर आली. त्यांनी वरनं वहाणा टाकल्या. माझ्या आधी ही धावली. हसत! तिला वाटलं खेळ हाय. उचलल्या नि माझ्याकडं घेऊन आली, नि परत त्यांच्या तोंडाकडं बघत उभी ऱ्हायली, आणखी टाकतील म्हणून.' त्यांनी कातडं पुन्हा उलटलं. 'त्या दिसापासून नाय उचलत.' मी तसाच घरी आलो.

तिसऱ्या दिवशी ते उजाडताच हजर झाले. प्यायचं पाणी स्वतःचं आणलेलं. चरात उतरायच्या आधी त्यांनी पोत्यांवरून हात फिरवला, एकेक दाबून बघितलं आणि एक पोतं बाजूला काढायला लावलं. 'ह्याची शिवण कुजलीय. हे नको.' मग आम्ही दोघं खाली उतरलो. पहिल्यांदा त्यांना पाना देताना माझा हात अडखळला, खोटं कशाला सांगू? वर दोन गडी टकामका बघत होते. दुसऱ्यांदा कमी अडखळला. दहाव्या वेळी पाना दिला की हातोडी दिली हेसुद्धा माझ्या लक्षात राहिलं नाही. तांब्याच्या रिबिटा त्यांनी कातड्यात अशा खोल बसवल्या की बोट फिरवलं तर लागू नयेत. टोपण वाटीत बसवलं, फिरवलं, काढलं. जिथं काळा डाग पडला तिथं रापीनं कागदाएवढी साल काढली. परत बसवलं. परत काढलं. मी 'चालेल आता' म्हणालो की ते म्हणायचे, 'तुला चालंल. घाटात मोटारीला चालायला नको?'

खोत बांधावर आंब्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. सकाळपासून हलले नव्हते. मांडवात हजार कामं पडलेली, पण त्यांचं सगळं लक्ष आमच्या चराकडं. दोनदा त्यांनी गड्यांना खुणावलं आणि दोनदा गड्यानं पाना रावसाहेबांच्या पुढ्यात मातीत टाकला. दोन्ही वेळा रावसाहेब हात पसरून थांबले. मी चरातून अर्धा बाहेर येऊन पाना उचलायचो आणि त्यांच्या हातात द्यायचो. खोत फक्त डबा उघडून पान लावायचे. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

दुपार कलली तेव्हा चौथ्या वेळेला टोपण बसलं ते बसलं. रावसाहेबांनी त्यावर तळवा ठेवला आणि म्हणाले, 'आता धरलंन.' राहिलं फक्त गिअरबॉक्स वर चढवणं. नेमकी तेव्हाच मांडवातून हाक आली; आचारी आला, तांदूळ कमी पडतोय, आणखी भात कांडायचाय. गडी एक पोतं उचलून घेऊन गेले आणि तिकडंच अडकले. मला एक पोतं कमी पडायला लागलं. सूर्य तिकडं उतरत चाललेला. रावसाहेब पाठमोरे होते. मी बाजूला काढलेलं ते कुजक्या शिवणीचं पोतं ओढलं आणि चळतीत मधोमध सारलं. सांगितलं नाही त्यांना. दोन मिनिटांचं तर काम, असं मनाशी म्हणालो.

वाशानं उचटून गिअरबॉक्स वर घेतला. भोकं जुळत आली. मी उजवा हात आत घालून बोल्ट चाचपत होतो, आणि खाली काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. मग भात सांडायला लागल्याचा आवाज. गिअरबॉक्स एका अंगाला कलला आणि माझा पंजा त्याच्या नि आडव्या लोखंडाच्या मध्ये सापडला. मी ओरडलो की नाही मला आठवत नाही. डोळ्यांपुढं पांढरं झालं. शुद्ध आली तेव्हा वजन आणखी खाली येत नव्हतं, कारण रावसाहेब खाली बसून खांदा लावून ते पेलत होते. त्यांच्या मानेवरून भात वाहत होता. त्यांचा एकच हात मोकळा होता, माझा उजवा अडकलेला. डावा पोचत नव्हता.

पाचर हवी होती. सागवानी पाचर, वीतभर लांब, ती वर ओंडक्यावर राहिली होती. खोतांच्या पायापासून पाच पावलांवर.

'खोतांनू, पाचर द्या!' रावसाहेब ओरडले. त्यांचा आवाज इतका मोठा असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. 'पोराचा हात जातोय!'

खोत उठले. धावले, हे मी सांगितलंच पाहिजे; धावत आले. पाचर उचलली. चराच्या काठाशी आले. खालून रावसाहेबांचा हात वर आलेला होता, तळवा वर, बोटं पसरलेली. खोत वाकले. त्यांचा हात त्या हाताच्या हातभर अंतरावर आला, आणि तिथं थांबला, आणि त्यांनी पाचर टाकली. ती काठाच्या ढेकळांवर पडली आणि घरंगळत चरात, रावसाहेबांच्या हातापासून लांब गेली.

त्यांनी मुद्दाम टाकली की जन्माच्या सवयीनं त्यांचा हात उघडला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांचं तोंड मी बघितलं होतं. ते स्वतःच दचकल्यासारखे दिसत होते.

रावसाहेबांनी त्या पाचरीकडं बघितलं. मग माझ्याकडं. किती वेळ ते सांगता येत नाही. मला तो एक प्रहर वाटला. मग त्यांनी खांद्यावरचं वजन न सोडता पाय चराच्या भिंतीला लावले, सगळं अंग ताणलं आणि हात लांबवला. त्यांच्या खांद्यात काहीतरी कट्कन वाजलेलं मी ऐकलं. मातीतली पाचर त्यांनी बोटांनी ओढली, उचलली, गिअरबॉक्सखाली घातली आणि हातोडीनं तीन घाव घातले. माझा हात सुटला.

वरून खोत म्हणाले, 'उचललीस की रे रावसाहेब, शेवटी.'

हसले नाहीत ते. पण म्हणाले. आणि मी, ज्याचा हात वाचला होता तो मी, हात पोटाशी धरून चरात बसून राहिलो आणि एक अक्षर बोललो नाही.

रावसाहेबांनी कातड्याची एक मऊ वादी काढून माझी बोटं बांधली. गडी परत आले, त्यांना खाली बोलावून गिअरबॉक्स चढवला, सगळे बोल्ट आवळले. मधेच निघून जातील असं मला वाटलं होतं, गेले नाहीत. मोटार चालू केली. पेडल सोडलं तशी ती हिसका न देता हळूच पुढं सरकली. अंगणातून बायका-पोरांनी एकच गलका केला. खोतांनी धोतरजोडी आणि नारळ आणवून बांधावर ठेवला. रावसाहेबांनी आरी, रापी गोळा केली, डावा खांदा पाडून चालत बांध ओलांडला आणि नदीच्या वाटेला लागले. धोतरजोडी रात्रभर तिथंच पडून होती.

दुसऱ्या दिवशी बांधलेल्या हातानं मी नवरदेव आणला. मांडवात खोतांनी व्याह्यांना सगळं सांगितलं: रावसाहेब कसे वाकले, पाचर कशी उचलली. माझा हात कसा सापडला ते त्यांनी सांगितलंच नाही. हशा पिकला. मी मोटारीत बसून ऐकत होतो. उठून सांगायला काय झालं होतं मला? आजही तो हशा आठवला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती खोतांवर कमी नि माझ्यावर जास्त असते.

त्यानंतर लोकांना चेवच आला. जो तो त्यांच्यापुढं वस्तू टाकून बघायला लागला. 'खोतांची उचललीस ना? मग आमची का नाही?' त्यांनी एकही उचलली नाही. पण आता त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता, नि काम कमी व्हायला लागलं. पौष सरायच्या आत एका सकाळी मी गेलो तर झोपडीला कडी. एरंडेलाचं भांडं तेवढं दारात पालथं घातलेलं. मुंबईला गेले, शेजारी म्हणाले, पोरीला शाळेत घालायला. मी परत आलो, खाचरात उतरलो आणि बुजवलेल्या चरापाशी ती पाचर सापडते का ते बघितलं. सापडली. शिमग्याला खोतांची नोकरी सोडली.

चार-पाच वर्षांनी मला त्यांचा पत्ता लागला. भायखळ्याच्या मागं एका गल्लीत त्यांनी जोड्यांचं लहानसं दुकान टाकलं होतं. मला बघून म्हणाले, 'ये रे डायवर,' आणि पहिल्यांदा माझा उजवा हात ओढून बोटं बघितली. दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. तेव्हाही होत नव्हती. चहा आला. मी तो खाली ठेवला. शेवटी मी म्हणालो, 'रावसाहेब, ते कुजक्या शिवणीचं पोतं... ते मीच परत लावलं होतं. तुमची पाठ होती तेव्हा.'

'ठाऊक हाय,' ते म्हणाले. 'मानेवर भात सांडलं तेव्हाच कळलं.'

'मग तेव्हा बोलला का नाहीत?'

'खोत ऐकत होते.' ते एका जोड्याला मेण लावत होते. 'ते म्हणाले असते, चूक गणप्याची. तुझी नोकरी गेली असती.'

माझे डोळे भरून आले. गल्लीत माणसं जात-येत होती, मला त्याची लाज वाटली नाही. पिशवीतून मी फडक्यात गुंडाळलेली पाचर काढली. म्हणालो, 'ही त्या दिवशी हातात द्यायची राहिली.'

त्यांनी जोडा बाजूला ठेवला. धोतराला हात पुसले, आणि उजवा हात पुढं केला, तळवा वर. मी दोन्ही हातांनी ती पाचर त्यावर ठेवली. आतून त्यांची मुलगी पुस्तक हातात घेऊन बाहेर आली. केवढी मोठी झाली होती! तिनं विचारलं, 'बाबा, काय आहे ते?'

'माझी वस्तू हाय,' रावसाहेब म्हणाले. 'खोतांच्या खाचरात राहिली होती.'

मग ते उठले, आणि ज्या फळीवर गिऱ्हाइकं बसायची तिचा एक पाय डुगडुगत होता, त्याच्याखाली त्यांनी ती पाचर सारली. फळी हलवून बघितली. हलली नाही.

'आता बस,' म्हणाले. 'चहा थंड झाला तुझा.'